बांडगूळ नव्हे, बिऱ्हाडकरू



दाराशी सभा घेऊन घसा बसवून घेणाऱ्या माणसाने येथे फुलांविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. माझे शिक्षण बेताचेच. वनस्पतिशास्त्र शिकलो ते रद्दीतल्या पुस्तकांवरून आणि स्वतः मारलेल्या झाडांवरून.

पहिले ऑर्किड मी मारले ते मायेने. कारखान्याला टाळे होते, दिवस रिकामे होते. मित्राने दिलेले डेंड्रोबियम मी कुंडीत मातीत दाबले आणि दोन्ही वेळा पाणी घातले. महिन्याभरात मुळे कुजली.

ऑर्किडला आपल्याकडे आमर म्हणतात. सह्याद्रीतली सीतेची वेणी ही त्यातलीच. ती आंब्याच्या फांदीवर वाढते म्हणून पुष्कळजण तिला बांडगूळ समजून उपटतात. हा शुद्ध अन्याय आहे. बांडगूळ झाडाच्या अंगात शिरून रस शोषते. आमर केवळ बिऱ्हाडाला असते. पाणी पावसाचे, खत कुजल्या पाचोळ्याचे. मालक कोण आणि कष्टकरी कोण, हे ओळखण्यात आमच्या चळवळीतही अशीच गफलत होते, पण ते असो.

तिच्या मुळांवर पांढरे, स्पंजासारखे आवरण असते. ते पाणी झटकन पिते आणि हिरवे दिसू लागते. मग त्याला वारा लागून सुकावे लागते. म्हणून माती नको. भोके पाडलेल्या कुंडीत कोळसा, विटांचे तुकडे, नारळाची सोडणे घाला. मुळे पांढरी दिसली की पाणी द्या, हिरवी असली की हात आवरा. सकाळचे ऊन येणारी गॅलरी उत्तम. पाने गर्द हिरवी झाली तर उजेड कमी पडतो, पिवळट झाली तर ऊन फार.

हा शौक एके काळी काचघरे बांधणाऱ्या श्रीमंतांचा. बी धुळीसारखे, त्यात शिदोरी नाही. बुरशीच्या मदतीने ते रुजते, हे फ्रान्सच्या नोएल बेर्नार यांना १८९९ मध्ये उमगले. १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नुडसन यांनी बुरशीवाचून, साखर घातलेल्या खळीवर बाटलीत बी रुजवले. पुढे १९६० मध्ये जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या टोकापासून रोपे केली, आणि ऑर्किड चाळीच्या गॅलरीत आले. असे असता रानातून ओरबाडलेली वेणी विकत का घ्यावी?

माझ्याकडे एक आहे, ती बहिणीच्या परसातील आंब्याची फांदी वादळात मोडली तिच्यावरची. सालीच्या तुकड्यावर सुतळीने बांधून टांगली. दोन पावसाळे नुसती पानेच. तिसऱ्या वर्षी मे अखेरीस गुलाबी ठिपक्यांचा तुरा लोंबला, तेव्हा शेजारच्या आजी काठी टेकत पाहायला आल्या.