चाकांवरचें घर आणि शरदांतला पर्वत

प्रवासास निघावयाचें म्हणजे घर मागें ठेवावयाचें, ही समजूत फार जुनी आहे. वारकरी असो कीं काशीयात्रेस निघालेला गृहस्थ असो, चूल, अंथरूण आणि छप्पर यांचा निरोप घेतल्यावांचून त्याचें पाऊल उंबरठ्याबाहेर पडत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत मोटारीचा प्रसार झाला आणि या समजुतीस पहिला धक्का बसला. मागची बैठक उलगडली कीं तिचा बिछाना व्हावा आणि हात-तोंड धुण्याचें पात्र जवळच असावें, अशी सोय असलेली एक गाडी पिअर्स-ॲरो या कंपनीनें १९१० सालीं लोकांपुढें आणली. १९१९ मध्यें फ्लॉरिडांतील टँपा येथें अशा भटक्या मोटारप्रवाशांचा संघच निघाला. पुढें १९६६ पासून आयोवा संस्थानांतील विनेबागो कंपनीच्या कारखान्यांतून हीं चालतीं घरें मोठ्या संख्येनें बाहेर पडूं लागलीं. तिकडे त्यांना संक्षेपानें ‘आर. व्ही.’ म्हणतात, मराठींत घरमोटार म्हणावयास हरकत नाहीं.

घरमोटारींत बिछाने असतात, गॅसची शेगडी असते, अन्न थंड ठेवण्याचें कपाट असतें, लहानसें न्हाणीघर आणि शौचकूपही असतो. पोटाखालीं स्वच्छ पाण्याची एक टाकी आणि सांडपाण्याच्या दोन टाक्या बसविलेल्या असतात. सपाट मुलुखांतून जातांना या सर्व सोयी इतक्या मुकाट्यानें काम करतात कीं, आंत बसलेल्या कुटुंबास त्यांची आठवणही होत नाहीं. घर म्हणजे काय, तें चालतें कशावर, हा प्रश्न उभा राहतो तो ही गाडी उंच पर्वतांत शिरल्यावर; आणि तोही शरदांत, जेव्हां पर्वत सर्वांत सुंदर दिसतो आणि हवेचा भरंवसा सर्वांत कमी असतो.

अशा प्रवासासाठीं कोलोरॅडो संस्थानाच्या नैर्ऋत्येस असलेल्या सान हुआन पर्वताची फार प्रसिद्धि आहे. डुरँगो या गांवाहून निघून सिल्व्हरटन, यूरे, रिजवे, टेल्युराइडचा परिसर, डोलोरेस आणि कॉर्टेझ अशी प्रदक्षिणा घालून पुन्हां डुरँगोस येणारा रस्ता सुमारें २३५ मैलांचा आहे. आरंभींचें डुरँगो हेंच ६,५०० फुटांवर वसलेलें. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही हजार फूट उंच. तेथून पन्नास मैलांच्या आंत गाडीस कोल बँक आणि मोलास या दोन खिंडी ओलांडाव्या लागतात, आणि मोलासची उंची जवळजवळ १०,९०० फूट आहे.

सप्टेंबरच्या अखेरीस आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत या वाटेवर जें दृश्य दिसतें, त्यासाठींच लोक दुरून येतात. आठ ते दहा हजार फुटांच्या पट्ट्यांत ॲस्पेन नांवाच्या झाडांचीं वनें आहेत. पांढुरक्या सालीच्या सरळ खोडांवर लहान वाटोळीं पानें असतात, आणि त्यांचे देंठ चपटे असल्यामुळें मंद झुळुकेनेंही तीं थरथरतात. पिंपळाचें पान ज्यानें पाहिलें आहे त्यास या थरथरीची कल्पना सहज येईल. दिवस लहान होऊं लागले, रात्री थंड झाल्या कीं पानांतील हरितद्रव्य नाहींसें होतें आणि आजवर त्याच्याखालीं झांकलेला पिवळा रंग उघडा पडतो. काळसर हिरव्या सूचिपर्णी वृक्षांच्या मधोमध डोंगराची सबंध उतरण सोन्यासारखी दिसूं लागते. हा सोहळा मोजक्या दिवसांचा असतो. एक वादळी रात्र आली कीं सकाळीं फांद्या रिकाम्या होतात.

या झाडाची एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. बाहेरून जीं शेंकडों झाडें दिसतात, तीं पुष्कळ वेळां एकाच मूळसंभारापासून फुटलेलीं खोडें असतात. शेजारच्या यूटा संस्थानांत अशा एकाच वृक्षाचा विस्तार १०६ एकरांवर पसरला असून त्याचीं खोडें सुमारें ४७,००० मोजलीं गेलीं आहेत. एखादें खोड शंभर-दीडशे वर्षांत पडतें, वणव्यांत जळतें. परंतु जमिनीखालचें मूळ जिवंत राहतें आणि नवे कोंभ वर पाठवितें. एकाच उतारावर एक झुपका केशरी, त्यालगतचा पिवळा आणि पलीकडचा अद्याप हिरवा दिसतो, त्याचें कारण हेंच कीं तीं निरनिराळ्या मुळांचीं कुटुंबें असतात.

या शोभेंतून चढत असतां घरमोटारीची परीक्षा मात्र चालूच असते. दहा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रकांठच्या सुमारें सात-दशांश राहतो. ज्या यंत्रास हवा दाबून भरण्याची सोय नाहीं, त्याची शक्ति दर हजार फुटांमागें जवळजवळ तीन टक्क्यांनीं घटते. म्हणजे अकरा हजार फुटांवर तिचा तिसरा हिस्सा गेलेला असतो. ओझें मात्र तेंच राहतें. पन्नास गॅलन पाणी टाकींत भरलें कीं ४१५ पौंड वजन वाढतें. शहरांतील घरांत पाण्यास वजन असतें हें कोणाच्या मनांतही येत नाहीं; घाटांत तें प्रत्येक वळणावर जाणवतें. स्वयंपाकाचीही तीच कथा. या उंचीवर पाणी सुमारें नव्वद अंशांवरच उकळतें, त्यामुळें डाळ तासभर रटरटली तरी कच्ची राहते आणि गॅस अधिक जळतो. दाबाच्या भांड्याचें महत्त्व गृहिणीस येथें जितकें पटतें तितकें अन्यत्र पटणार नाहीं.

दोन्ही खिंडी उतरून गेलें कीं सिल्व्हरटन लागतें. अॅनिमास नदीच्या कांठीं, ९,३०० फुटांवर वसलेलें हें गांव चांदीसाठीं जन्मास आलें. डुरँगोहून तीन फूट रुंदीची आगगाडी १८८२ सालीं येथें पोंचली. ती आजही प्रवाशांना घेऊन येते. १८९३ मध्यें चांदीचा भाव कोसळला, पुढें इतर धातूंवर गांव कसेंबसें तगलें, आणि १९९१ सालीं शेवटची मोठी खाण बंद पडली. खाणी बंद झाल्या तरी त्यांचा हिशेब मिटला नाहीं. ५ ऑगस्ट २०१५ या दिवशीं गोल्ड किंग नांवाच्या सोडून दिलेल्या खाणीपाशीं सरकारी पर्यावरण खात्याचें काम चालू असतां बांध फुटला आणि सुमारें तीस लाख गॅलन दूषित पाणी नदींत गेलें. अॅनिमासचा प्रवाह अनेक मैलपर्यंत नारिंगी झाला. घरमोटारीच्या मालकास आपलें सांडपाणी नेमलेल्या ठिकाणींच रितें करावें लागतें, त्याचा त्रास वाटला तर या नदीची आठवण पुरेशी आहे. जें मागें टाकून जावें तें कोणाच्या तरी वाट्यास येतेंच.

सिल्व्हरटनच्या पुढें यूरेपर्यंतचा सुमारें पंचवीस मैलांचा रस्ता ‘मिलियन डॉलर हायवे’ या नांवानें ओळखला जातो. बांधणीस मैलामागें दहा लक्ष डॉलर लागले म्हणून, किंवा भरावाच्या मातींत सोन्याचा अंश होता म्हणून, अशा दोन्ही आख्यायिका सांगतात. रशियन साम्राज्यांत जन्मलेल्या ऑटो मिअर्स या उद्योगी गृहस्थानें १८८०च्या दशकांत येथें खाणींसाठीं पथकराचा गाडीरस्ता खोदला, आणि त्याच वाटेवरचा मोटाररस्ता १९२४ सालीं खुला झाला. लोहाच्या गंजानें तांबडे झालेले डोंगर डाव्या-उजव्या बाजूस ठेवीत हा रस्ता सुमारें ११,००० फुटांवरील रेड माउंटन खिंडींत चढतो आणि तेथून तेरा मैलांत तीन हजार फुटांहून अधिक खालीं उतरतो. अनकंपाग्रे नदीच्या घळींत तो कड्याच्या पोटांत कोरलेला असून दरीच्या बाजूस बहुतेक ठिकाणीं कठडा नाहीं. कठड्यास पुरेल इतकी रुंदी तेथें नाहीं, आणि हिवाळ्यांत यंत्रानें बर्फ दरींत लोटण्यास मोकळी कड लागते.

अमेरिकेंत वाहनें रस्त्याच्या उजव्या बाजूनें चालतात. म्हणून दक्षिणेकडून उत्तरेस, म्हणजे सिल्व्हरटनहून यूरेस जाणारी गाडी घळींत कड्याच्या बाजूस राहते, आणि उलट येणारी गाडी दरीच्या काठानें चालते. मोठी घरमोटार घेऊन येणारे पुष्कळ जण प्रदक्षिणेची दिशा यावरूनच ठरवितात. उतरतांना मुख्य भय असतें तें ब्रेकचें. ब्रेक हा गाडीच्या वेगाचें उष्णतेंत रूपांतर करतो. तो सतत दाबून धरला तर तापून निकामी होतो, आणि कित्येक हजार पौंडांचें घर आपल्याच वजनानें उतारावरून धांवूं लागतें. यासाठीं खिंडीच्या माथ्यावरच गाडी खालच्या गिअरमध्यें घालावी, यंत्राकडूनच वेग रोखून धरावा, ब्रेक थोडा वेळ दाबून पुन्हां सोडावा, आणि मागें वाहनांची रांग लागल्यास रुंद जागा पाहून त्यांना वाट द्यावी. मागच्याच्या घाईस भिऊन वेग वाढविणें हें या घाटांत प्राणावर बेतणारें असतें.

हा रस्ता खुला ठेवण्याचें मोलही पैशांत मोजण्यासारखें नाहीं. या खिंडींत बर्फ सारण्याचें काम करणाऱ्या कामगारांचे बळी हिमलोटांनीं १९७०, १९७८ आणि १९९२ या वर्षीं घेतले. रस्त्याच्या कडेला त्यांचें लहानसें स्मारक आहे. सोनेरी पानें पाहावयास आलेला प्रवासी तेथें क्षणभर थांबला, तर आपल्या चाकांखालचा रस्ता कोणाच्या श्रमांवर उभा आहे हें त्यास उमगतें.

यूरे हें गांव ज्या सरदाराच्या नांवानें ओळखलें जातें, तो यूट जमातीचा होता. हे सर्व पर्वत त्याच्या लोकांचे. १८७३च्या करारानें सुमारें ३७ लाख एकर डोंगराळ मुलूख खाणवाल्यांसाठीं त्यांच्याकडून काढून घेण्यांत आला. १८८० सालीं सरदार यूरे वारला. दुसऱ्याच वर्षीं त्याच्या शाखेच्या लोकांना बळानें यूटा संस्थानांत हलविण्यांत आलें. ऋतुमानाप्रमाणें उन्हाळ्यांत उंचावर आणि हिवाळ्यांत खालच्या खोऱ्यांत राहणारे ते लोक आपलें बिऱ्हाड बरोबर घेऊनच फिरत असत. चालतें घर ही कल्पना या पर्वतांत मोटारीबरोबर आलेली नाहीं. ज्यांना ती पूर्ण अवगत होती त्यांनाच येथून घालवून देण्यांत आलें.

पुढें डॅलस डिव्हाइड या उंचवट्यावरून १४,००० फुटांहून उंच असलेलें स्नेफल्सचें शिखर दिसतें. त्याच्या पायथ्याशीं पिवळ्या वनांचा पट्टा आणि माथ्यावर पहिला बर्फ, असें तें चित्र असतें. या दिवसांत दुपारचें ऊन सुखद असतें, परंतु रात्रीं पारा गोठणबिंदूच्या खालीं जातो. सरकारी वनखात्याचे पुष्कळ तळ या सुमारास बंद होऊं लागतात. तळावरच्या नळास जोडलेली रबरी नळी रात्रभर तशीच ठेवली तर पहांटे ती काठीसारखी ताठ झालेली असते. जाणता प्रवासी संध्याकाळींच टाकी भरून नळी सोडवून ठेवतो. आणखी एक धोका डोळ्यांस न दिसणारा आहे. ऊब मिळावी म्हणून दारें-खिडक्या लावून स्वयंपाकाची शेगडी पेटती ठेवली, तर कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायु आंत सांचतो आणि निजलेलें माणूस पुन्हां उठत नाहीं. गाडींतील धोक्याची घंटा चालू आहे कीं नाहीं, हें निजण्यापूर्वीं पाहणें हें त्या घरांतलें दिवेलागणीइतकेंच नित्याचें कर्म झालें पाहिजे.

लिझर्ड हेड ही शेवटची उंच खिंड ओलांडून रस्ता डोलोरेस नदीच्या कांठानें खालीं येतो आणि कॉर्टेझजवळ रुक्ष पठारांच्या मुलुखांत शिरतो. तेथेंच मेसा व्हर्डे आहे. तेराव्या शतकांत प्युब्लो लोकांच्या पूर्वजांनीं कड्यांच्या कपारींत दगडांचीं घरें बांधलीं. त्यांतील सर्वांत मोठ्या वास्तूंत सुमारें दीडशे खोल्या आहेत. मक्याचे दाणे कोठारांत, झऱ्याचें पाणी घागरींत, आणि सरपण दूरवरून, असा त्यांचा संसार होता. त्या शतकाच्या अखेरीस दीर्घ अवर्षण पडलें, आणि १३००च्या सुमारास तीं घरें सोडून ते दक्षिणेकडे निघून गेले. भिंती अद्याप उभ्या आहेत; परंतु पाण्याचा मेळ बसेना, तेव्हां भिंतींनीं घर टिकलें नाहीं.

डुरँगोस परत आल्यावर घरमोटारीच्या टाक्या रित्या करतात, नळ्यांतील पाण्याचा शेवटचा थेंब काढून टाकतात आणि गाडी हिवाळ्यासाठीं उभी करून ठेवतात. वर पर्वतावर ॲस्पेनचीं पानें तोंपर्यंत झडून गेलेलीं असतात, आणि मुळें बर्फाखालीं वसंताची वाट पाहत असतात. आठ-दहा दिवस मोजून पाणी वापरलेलें, मोजून वजन वाहिलेलें आणि मोजून उतार उतरलेलें कुटुंब पुन्हां आपल्या शहरांतील घरीं येतें. तेथें नळास पाणी अखंड असतें, आणि सांडपाणी कोठें जातें हें कोणी विचारीत नाहीं. तरीही नळ सोडतांना त्यांचा हात कांहीं दिवस थोडा आंखडतो. तो तसाच आंखडता राहिला, तर प्रवासाचा खर्च वसूल झाला असें समजावें.