जगाच्या सभेत बायकांची जागा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला विषय दिला आहे ‘आंतरसंसदीय संघ’. नाव ऐकून पुष्कळजणी हसल्या. सातवी शिकलेली बाई जगाच्या राजकारणावर काय बोलणार! पण वाचायला बसले, तर त्यातले निम्मे आपल्या ओळखीचेच निघाले.

दिल्लीला जशी आपली संसद, तशा देशोदेशी संसदा आहेत. त्यांतल्या सभासदांनी एकमेकांना भेटावे, देशांची भांडणे लढाईवर न जाता बोलून मिटावीत, म्हणून १८८९ साली पॅरिसला हा संघ निघाला. इंग्लंडचे क्रेमर आणि फ्रान्सचे पासी या दोघांनी तो काढला. पुढे दोघांनाही शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. कचेरी जिनिव्हाला आहे. १८० हून अधिक देशांच्या संसदा त्यात आहेत. अमेरिकेची मात्र नाही.

संयुक्त राष्ट्रसंघात सरकारे बोलतात. येथे लोकांनी निवडून दिलेले बोलतात, आणि त्यांत विरोधी पक्षाचेही असतात. आपल्याकडच्या संसदीय गटाचे प्रमुखपद लोकसभेच्या अध्यक्षांकडे असते. चिपळूणला जन्मलेल्या सुमित्रा महाजन २०१४ ते २०१९ लोकसभेच्या अध्यक्ष होत्या, तेव्हा ते त्यांच्याकडे होते.

सभा वर्षातून दोनदा भरते. १९६९ आणि १९९३ साली ती दिल्लीला भरली होती. मते लोकसंख्येप्रमाणे असतात. लहानात लहान देशालाही दहा मते, आणि भारतासारख्या मोठ्या देशाला तेवीस. विषय आधी समित्यांत चर्चिले जातात, मग ठराव सभेपुढे येतो. अचानक काही संकट उद्भवले, तर तातडीचा म्हणून एकच विषय घेता येतो, आणि त्यालाही दोनतृतीयांश मते लागतात. हा नियम मला फार आवडला. नाहीतर आपल्या सभेत शेवटी ‘आणखी एक विषय’ म्हणता म्हणता दिवे लागतात!

आता मुद्द्याचे सांगते. संघाचा कारभार पाहणारी एक परिषद आहे. तीत प्रत्येक संसदेचे तिघे बसतात. पण तिघांत बाई नसेल, तर दोघांनाच बसू देतात. मोठ्या सभेलाही लागोपाठ तीन वेळा नुसते पुरुषच आले, तर त्या देशाचा एक माणूस कमी होतो आणि मतेही घटतात. नुसत्या बायका आल्या तरी नियम तोच. बाईला मान द्या, असे भाषणात सगळेच म्हणतात. येथे तो न दिल्यास मत जाते.

तरीसुद्धा या परिषदेच्या अध्यक्षपदी बाई बसायला एकशेदहा वर्षे लागली. १९९९ साली नजमा हेपतुल्ला निवडून आल्या. त्या तेव्हा आपल्या महाराष्ट्रातूनच राज्यसभेवर होत्या. त्यांच्यानंतर मेक्सिकोच्या आणि टांझानियाच्या बायका त्या जागी आल्या. आपल्या दिंडोरी मतदारसंघातूनही २०१९ साली प्रथमच बाई लोकसभेवर गेली.

कोणी विचारील, या संघाचे ठराव सरकारांवर बंधनकारक नाहीत, मग उपयोग काय? उपयोग आहे. कोठे एखाद्या सभासदाला तुरुंगात टाकले, धमकावले, तर त्याची चौकशी करणारी समिती १९७६ पासून आहे. तिला कुलूप उघडता येत नाही, पण ती त्या सरकारला पुन्हापुन्हा विचारीत राहते. आपल्या माणसाची कोणीतरी दूरवर चौकशी करीत आहे, हे आत बसलेल्याला कळणे काही थोडे नाही.

आणखी एक. मोठी सभा भरण्याच्या सुमारास सगळ्या देशांच्या बायका आपली निराळी बैठक घेतात आणि आपले म्हणणे पुढे मांडतात. आपल्याकडेही ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी, असा कायदा आहे. पण ती होते कशी? माझ्या ओळखीच्या एका गावात सभेचे बुक घरोघर फिरते. बाई भाकरी थापीत असते, पिठाच्या हातानेच सही करते, आणि कागदावर सभा होऊन जाते. त्या बुकात काय लिहिले होते, हे पुढे नळाला पाणी आले नाही म्हणजे कळते.

म्हणून आजूबाजूच्या गावांतून आलेल्या भगिनींना माझे सांगणे आहे. तुमच्या गावची महिला सभा कधी, किती वाजता, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. पाचजणी मिळून जा. पाण्याचे, रस्त्याचे, जे असेल ते बोला, ते लिहून घ्यायला लावा, आणि वाचून दाखवल्यावरच सही करा. बुक दारात आले, तर तसेच परत पाठवा.