बांध लहान, धोका मात्र लहान नव्हे

धरण म्हटले की आपल्यापुढे एखादी प्रचंड भिंत उभी राहते. परंतु एखाद्या संस्थेने वा शेतकऱ्याने आपल्या सोयीसाठी घातलेला मातीचा बांध हेही धरणच होय. त्याची उंची थोडी म्हणून धोकाही थोडा, हा हिशेब खरा नव्हे.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात टोकोआ फॉल्स येथे एका ख्रिस्ती महाविद्यालयाच्या मालकीचे केली बार्न्स नावाचे धरण होते. उंची सुमारे ३८ फूट. मूळ बांध लाकूड-दगडांचा; विजेसाठी पुढे त्यावर मातीची भर पडत गेली. १९५७ साली वीजनिर्मिती थांबली आणि मागे केवळ विहाराचे तळे उरले. खालच्या अंगाचा उतार फार उभा होता, त्यावर झाडे माजली होती आणि काही वर्षांपूर्वी तेथील माती घसरलीही होती. ६ नोव्हेंबर १९७७ रोजी, मुसळधार पावसानंतर, रात्री दीडच्या सुमारास ते धरण फुटले. खाली महाविद्यालयाची वस्ती झोपेत होती. ३९ जीव गेले. उताराची घसरण आणि आतून पाण्याबरोबर वाहून गेलेली माती, अशी अनेक कारणे एकत्र आली असावीत, असे चौकशीत दिसून आले.

म्हणून धोका जोखताना दोन प्रश्न विचारावेत. बांध फुटण्याचा संभव किती? आणि फुटलाच, तर पाण्याच्या वाटेवर कोण राहते? ओसाड माळावरच्या बांधाने मालकाचे नुकसान होईल. तोच बांध वाडीच्या माथ्यावर असेल, तर प्रश्न माणसांच्या प्राणांचा होतो.

पावसाळ्यापूर्वी सांडवा मोकळा करावा. बांधाचा माथा कोठे खचला आहे का, भेगा वा घुशींची बिळे आहेत का, हे पाहावे. मोठी झाडे मात्र अभियंत्याला विचारूनच काढावीत. कुजलेली मुळे पाण्याला वाट देतात. पायथ्याशी स्वच्छ पाझर दिसला, तर त्याची नोंद ठेवून तो वाढतो का, हे पाहत राहावे. पाझर गढूळ झाला, तर आतील माती वाहू लागली असे समजावे. तत्काळ खालच्या वस्तीला हलवावे आणि अभियंत्याला बोलवावे.

आपल्याकडील २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना आणि काही अटींवर १० ते १५ मीटरच्या धरणांना लागू आहे. त्याहून ठेंगण्या बांधांना त्याच्या मुख्य तरतुदी लागू नाहीत. तेथे राखण मालकानेच करावयाची. पाणी अडविणाऱ्याने आपल्या तळ्याची खोली मोजण्याआधी खालची घरे मोजावीत.