प्रौढांचे इंग्रजी

शाळेतील मुलाला इंग्रजी शिकविणे आणि तिशी-चाळिशीच्या गृहस्थाला अथवा भगिनीला इंग्रजी शिकविणे, ही दोन अगदी निराळी कामे आहेत. मुलाजवळ वेळ असतो. प्रौढाजवळ तो नसतो. मात्र मुलाजवळ नसलेली एक वस्तू प्रौढाजवळ असते, ती म्हणजे हेतू. कुणाला विद्यापीठात प्रबंध सादर करावयाचा असतो, कुणाला परदेशातील रुग्णालयात परिचारिकेचे काम हवे असते, कुणाची बढती एका इंग्रजी अहवालावर अडून राहिलेली असते. हा हेतू हेच त्याचे खरे भांडवल. दुःखाची गोष्ट अशी की, ते पुष्कळदा भलत्याच ठिकाणी खर्ची पडते.

बेळगावात, इंदुरात किंवा बडोद्यात ज्यांचे शिक्षण मराठीतून झाले, त्यांच्यापैकी अनेकांची समजूत असते की, वरच्या दर्जाचे इंग्रजी म्हणजे अवघड शब्दांचे इंग्रजी. मग शब्दकोश पाठ होऊ लागतो, पल्लेदार वाक्यांच्या वह्या भरतात आणि साध्या पत्राला मात्र हात लावण्याचे धैर्य होत नाही.

ही समजूत अगदीच निराधार होती असे नाही. केंब्रिज विद्यापीठाने १९१३ साली परभाषिकांसाठी इंग्रजीच्या प्रावीण्याची परीक्षा सुरू केली, तेव्हा तिच्यात भाषांतर, व्याकरण, ध्वनिशास्त्र असे विषय होते आणि ती सुमारे बारा तास चाले. त्या वर्षी तीन उमेदवार बसले. तिघेही अनुत्तीर्ण झाले! परंतु आजच्या परीक्षांची दृष्टी बदलली आहे. तुम्हांला भाषेविषयी काय ठाऊक आहे, यापेक्षा भाषेच्या साह्याने तुम्ही कोणते काम करू शकता, हे त्या पाहतात.

आरोग्यसेवेतील लोकांसाठी असलेल्या ‘ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट’ या परीक्षेचेच उदाहरण घ्या. तिच्यातील लेखनाच्या भागात परिचारिकेपुढे एका रुग्णाची टिपणे ठेवली जातात. पाच मिनिटे वाचण्यासाठी आणि चाळीस मिनिटे लिहिण्यासाठी. तेवढ्या अवधीत सुमारे १८० ते २०० शब्दांचे एक पत्र, बहुधा रुग्णाची पुढील काळजी घेणाऱ्या व्यक्तीस, लिहावयाचे असते. टिपणांत सर्व काही असते : रुग्णाचा व्यवसाय, जुने आजार, चालू औषधे, कालचा ताप. यांतले काय घ्यावे आणि काय गाळावे, इथे खरी कसोटी लागते. रुग्णाला पेनिसिलीन सोसत नाही, ही ओळ राहून गेली, तर बाकीचे पत्र कितीही डौलदार असो, त्याचा उपयोग काय? आणि लहानपणी मोडलेल्या हाताच्या वर्णनात चार ओळी खर्च झाल्या, तर वाचणाऱ्याचा वेळ फुकट गेला.

म्हणून लेखणी उचलण्यापूर्वी दोन प्रश्न स्वतःला विचारावेत : हे कोण वाचणार आहे? आणि वाचून त्याने काय करावयाचे आहे? प्रबंध असो वा कचेरीतील अहवाल, हेच दोन प्रश्न तिथेही लागू पडतात.

आता शब्दांविषयी. न्यूझीलंडमधील संशोधिका ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठीय ग्रंथांतील शब्दांची एक यादी प्रसिद्ध केली. तिच्यात अवघी ५७० शब्दकुले आहेत. पण अशा लेखनातील सुमारे दहा टक्के शब्द त्यांतूनच येतात. म्हणजे सबंध कोश पाठ करण्याचे कारण नाही. मात्र शब्द एकटा शिकू नये, त्याच्या सोबत्यांसह शिकावा. आपण मराठीत ‘पुरावे’ म्हणतो, म्हणून इंग्रजीत ‘एव्हिडन्सेस’ लिहून जातो. तेथे ‘एव्हिडन्स’ एकवचनीच राहतो. आपण ‘चूक करतो’, म्हणून ‘डू’ हे क्रियापद योजतो. इंग्रजाला तेथे ‘मेक’ हवे. आपण एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ जोडतो. तो तेथे नको असतो. या चुका अज्ञानाच्या नव्हेत. मराठीचे वळण इंग्रजीत उतरल्याने त्या होतात, आणि वळण एकदा ओळखू आले की ते सुधारता येते.

विद्वत्तेच्या लेखनात आणखी एक पथ्य आहे. थोड्याशा निरीक्षणावरून ‘प्रूव्ह’ म्हणजे सिद्ध झाले असे लिहू नये. ‘सजेस्ट’ म्हणजे तसे सूचित होते, एवढेच म्हणावे. आपल्या विधानाला जितका आधार आहे, तितकेच बळ त्याला द्यावे. हा केवळ भाषेचा नव्हे, तर प्रामाणिकपणाचाही प्रश्न आहे.

मग रोज करावे काय? आपल्याच विषयातील एक लहानसा परिच्छेद निवडावा. तो वाचून मोजकी टिपणे काढावीत. दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून त्या टिपणांवरून परिच्छेद स्वतः लिहावा आणि मुळाशी ताडून पाहावा. जेथे फरक पडला, तेथे आपला धडा आहे. झालेल्या चुका एका निराळ्या वहीत उतरवाव्यात. वाचन मोठ्याने करावे. ‘फोटोग्राफ’ म्हणताना आघात पहिल्या अवयवावर, ‘फोटोग्राफर’ म्हणताना दुसऱ्यावर आणि ‘फोटोग्राफिक’ म्हणताना तिसऱ्यावर पडतो, हे डोळ्यांना कळत नाही, कानालाच कळते. अर्धा तास पुरे, पण त्यात खंड नसावा.

दोन महिन्यांत अस्खलित इंग्रजीचे आश्वासन देणाऱ्या जाहिराती आपण पाहतो. त्यांच्यापायी कर्ज काढणारी माणसेही असतात. पैसे भरण्यापूर्वी त्यांनी एवढेच विचारावे : माझे लिहिलेले कागद येथे कोण वाचील आणि कोण दुरुस्त करील? याचे सरळ उत्तर मिळाले नाही, तर पैसे घरीच ठेवावेत, आणि ज्याला इंग्रजी चांगले येते अशा एखाद्या स्नेह्याला आठवड्यातून एक कागद तपासून देण्याची विनंती करावी.