मल्लखांब : उगम व विकास



बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आढळतो. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येस नवजीवन दिले. मल्लाची पकड व चपळता वाढावी, हा तिचा मूळ हेतू. जोडीदार नसला तरी एरंडेल लावलेला सागवानी खांब पुरे. 1936 साली अमरावतीच्या मंडळींनी ही कला बर्लिन येथे जगास दाखविली.

येथील पिंगुळीची चित्रकथी ठाकर समाजात पित्याकडून पुत्राकडे आली. मल्लखांबही तसाच गुरुमुखाने चालत आला. म्हणून जाणत्या वस्तादावाचून मुलास खांबावर चढवू नये. प्रथम अढी पक्की व्हावी, मगच पुढील उड्या. घाईने मूल जायबंदी होते आणि विद्येवरील गावाचा विश्वासही उडतो.