नळीवरील नांव

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या आरोग्य-सभेंत दिलेलें भाषण)



माझ्या व्यवसायाविषयीं आपणांपुढें चार शब्द बोलावे अशी फादरांची आज्ञा झाली, तेव्हां मला संकोच वाटला. शल्यवैद्याचे हात रोग्याच्या स्मरणांत राहतात, परिचारिकेचा चेहरा राहतो. प्रयोगशाळेंतील वैद्य त्याच्या दृष्टीस सहसा पडतच नाहीं. तीस वर्षांहून अधिक काळ मीं रक्ताच्या नळ्यांच्या संगतींत घालविला, त्यांतील शेवटचीं पंधरा वर्षें प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून. त्या अधिकाराच्या जागेवर मीं जें कांहीं केलें, त्याचें मूळ उमेदवारीच्या दिवसांतील एका रात्रींत आहे.

आपल्या समाजांत नांवें थोडीं व माणसें पुष्कळ. याच मंदिरांत कोणीं ‘मेरी’ म्हणून हांक मारिली, तर दहा तरी माना वळतील! त्या रात्रीं आमच्या प्रसूतिविभागांत एकाच नांवाच्या व एकाच आडनांवाच्या दोन स्त्रिया होत्या. एकीस अतिशय रक्तस्राव होऊं लागला. धांदलींत दोघींचेहि नमुने मींच घेतले. आणि खाटेपाशीं उभें राहून, नांव व नोंदणीक्रमांक पडताळून चिठ्ठी लावावयाची, ती न लावतां नळ्या खिशांत घालून मेजापर्यंत आलें व तेथें चिठ्ठ्या लाविल्या. चूक काय ती एवढीच, दहा पावलांची.

प्रयोगशाळेंत एक नवा तंत्रज्ञ होता, अगदीं पोरगेला. तो म्हणाला, “डॉक्टर, नोंदवहींत ह्या बाईंचा गट बी आहे, नळींत ए निघतो.” मीं त्रासून म्हटलें, “पुन्हां करून पाहा.” पुन्हां ए. मान वर न करतां तो म्हणाला, “मी रक्त देणार नाहीं. दुसरा नमुना आणा.” आणला, खाटेपाशींच चिठ्ठी लावून. गट बी निघाला. बी गटाच्या मनुष्याच्या रक्तांत ए गटाला मारक द्रव्य असतें. ए गटाचें रक्त चढवितांच तांबड्या पेशी फुटूं लागतात, मूत्रपिंडें बंद पडूं शकतात, व प्राणहि जाऊं शकतो.

बाई वांचली. सकाळीं वरिष्ठांनीं विचारलें तें इतकेंच, कीं रक्त पाठविण्यास उशीर कां झाला? ठपका त्या मुलावर आला. मी तेथेंच उभी होतें. बोललें नाहीं. पुढें कुमसाराला बसलें तेव्हां ती गोष्ट धर्मगुरूंपाशीं सांगितली. कचेरींत मात्र नाहीं.

प्रमुख झाल्यावर, नवीं यंत्रें मागण्यापूर्वीं, मीं एक कोरी वही मागून घेतली व तिच्यावर ‘चुका’ असें लिहिलें. पहिली नोंद माझी, त्या जुन्या रात्रीची. यंत्रांवर नजर ठेवण्याची रीत तर होतीच. १९४७ सालीं बेल्क व संडरमन यांनीं अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनियांतील प्रयोगशाळांकडे सारखेच नमुने पाठवून उत्तरें किती भिन्न येतात तें दाखविलें होतें. १९५० सालीं लेव्ही व जेनिंग्ज यांनीं कारखान्यांतील आलेख रोगनिदानाच्या प्रयोगशाळेंत आणिला. ज्याचें माप आधींच ठाऊक आहे असा नमुना रोज यंत्रांत घालावा व आंकडा आलेखावर टिपावा. पण आलेख हा यंत्राचा साक्षी आहे, दहा पावलांचा नव्हे. नमुना यंत्रापर्यंत येण्याआधींच बहुतेक चुका घडतात, व त्या पाहणारा मनुष्य बहुधा सर्वांत कमी पगाराचा असतो.

कित्येक महिने त्या वहींत माझ्याशिवाय कोणीं लिहिलें नाहीं. मग नमुने वाहून आणणारा शिपाई एके दिवशीं म्हणाला, “बाई, लिहितां येत नाहीं, सांगूं का? दुपारच्या नळ्या जिन्यावर उन्हांत पडून असतात.” नळींत पडून राहिलेल्या रक्तांतील पेशी साखर खात राहतात, मधुमेह्याचा आंकडा आमच्याकडे फसवा कां येतो, हें त्या दिवशीं कळलें.

नव्या मुलांना मी परळच्या हाफकिन साहेबांची हकीकत सांगत असें. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांत मुल्कोवाल येथें १०७ जणांस त्यांची प्लेगची लस टोंचली गेली. त्यांतील ज्या १९ जणांस ५३-एन ह्या एकाच बाटलींतील लस मिळाली, ते धनुर्वातानें मेले. हाफकिन निलंबित झाले. बाटली उघडतांना सहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करतांच वापरला गेला, ह्या गोष्टीला न्याय मिळून त्यांच्यावरील कलंक १९०७ सालीं दूर झाला. बाटलीवर क्रमांक होता, म्हणून शोध तरी लागला. १९२५ पासून त्या संस्थेस त्यांचें नांव आहे; पण तीं वर्षें त्यांस कोणीं परत दिलीं नाहींत.

तो तंत्रज्ञ नोकरी सोडून आखातांत गेला होता. पत्ता मिळवून मीं वहींतील पहिल्या नोंदीची नक्कल त्यास पाठविली व क्षमा मागितली. त्याचें उत्तर आलें, रागाचें नव्हतें. शेवटीं त्यानें विचारलें होतें, “दुसऱ्या बाईंच्या कागदावर बी लिहिलें गेलें होतें. तें कोणीं सुधारलें काय?”

त्या दुसऱ्या बाईचा विचार तोंपर्यंत माझ्या मनांत आलाच नव्हता. जुन्या नोंदवह्या शोधावयास गेलें. त्या रद्दींत गेल्या होत्या.