अंड्याचे कवच आणि कोंबडीचा खनिज आहार

(उमरी येथे पंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. अंड्याचे कवच आपण फोडतो आणि उकिरड्यावर टाकतो. त्याविषयी एवढे बोलण्यासारखे काय आहे, असा प्रश्न कोणाच्याही मनात यावा. परंतु परसातील कुक्कुटपालनाच्या योजना राबविताना जे अपयश अधूनमधून पदरी येते, त्याचे एक कारण या कवचात दडलेले असते. आणि ते दूर करणे आपल्या हातात आहे.

चित्र आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. एखाद्या भगिनीला तलंगांचा गट मिळतो. ती त्यांना ज्वारीच्या कण्या, तुरीची चुरी आणि घरातील उरलेसुरले अन्न घालते. कोंबड्या अंड्यावर येतात. सुरुवातीचे दिवस आनंदाचे जातात. मग अंडी पातळ कवचाची येऊ लागतात, खुराड्यातच फुटतात, काही तर नुसत्या पापुद्र्याची निघतात. फुटलेले अंडे कोंबड्या खातात व त्यांना तीच सवय लागते. पुढे एखादी कोंबडी लंगडू लागते, अंडी कमी होतात, आणि शेवटी निकाल दिला जातो की, “ही जात आपल्या हवेला मानवत नाही, आपली गावरानच बरी.” कोंबड्या विकल्या जातात आणि योजना कागदावर उरते. माझे म्हणणे असे की, यात पुष्कळदा दोष जातीचा नसून हिशोबाचा असतो.

हा हिशोब आपण प्रथम मांडून पाहू. अंड्याचे कवच सुमारे ५ ते ६ ग्रॅम वजनाचे असते व ते जवळजवळ संपूर्णपणे कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीचेच बनलेले असते. त्यात शुद्ध कॅल्शियम २ ग्रॅमच्या वर असते. आता ज्वारीकडे पाहा. १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम सुमारे २५ मिलिग्रॅम असते. म्हणजे केवळ ज्वारीवर एका अंड्याचे कवच तयार करावयाचे, तर कोंबडीला ८ किलो ज्वारी खावी लागेल, आणि तीही तिच्यातील कॅल्शियमचा कण न् कण अंगी लागला तर. कोंबडी दिवसाला खाते जेमतेम १०० ते १२० ग्रॅम. ज्वारी वाईट, असा याचा अर्थ नाही. ज्वारी ताकद देते. चुना देत नाही.

मग हे कवच येते कोठून? हा प्रश्न फार जुना आहे. १७९९ मध्ये वॉकलँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने एका कोंबडीला मोजून ओट हे धान्य घातले आणि तिची अंडी व विष्ठा यांतील चुना मोजला. धान्यातून आत गेला त्यापेक्षा अधिक चुना बाहेर पडलेला आढळला, आणि ते कोडेच होऊन बसले. आज त्याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे. अंड्यावर येण्याच्या सुमारास कोंबडीच्या लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा एक विशेष साठा तयार होतो. अंड्याला तयार होण्यास सुमारे २५ तास लागतात. त्यांपैकी २० तासांच्या आसपास ते कवचाच्या पिशवीत असते, आणि कवच चढण्याचे बरेचसे काम रात्री चालते. त्या वेळी पोटात चुना नसेल, तर कोंबडी तो हाडांतून काढते. दिवसा खाद्यातून भरपाई झाली तर ठीक. नाही तर ठेव मोडून खर्च चालविणाऱ्या कुटुंबासारखी तिची स्थिती होते. प्रथम कवच पातळ होते, नंतर अंडी कमी होतात, शेवटी हाडे ठिसूळ होऊन ती पायांवर उभी राहू शकत नाही. लंगडणारी कोंबडी आळशी नसते. तिने आपली हाडे आपल्याला अंड्यांच्या रूपाने दिलेली असतात.

“गावरान कोंबडी तर कधी खनिजे मागत नाही,” असे कोणी म्हणेल. तिचा हिशोब निराळा आहे. ती वर्षाला ६०-७० अंडी देते, मध्ये खुडूक बसते आणि त्या विश्रांतीत हाडांची झीज भरून काढते. दिवसभर हिंडून किडे, गोगलगायींची कवचे व खडे ती टिपते. भिंतीचा चुनाही टोचते. परसात पाळण्यासाठी काढलेली ग्रामप्रियासारखी सुधारित जात दीडशेहून अधिक अंडी देते, तर पिंजऱ्यातील लेगहॉर्न तीनशेच्या घरात जाते. दुप्पट-तिप्पट अंडी घ्यावयाची आणि शिधा मात्र जुन्या मापाचा द्यावयाचा, हे चालणार नाही.

यावर उपाय महागडा नाही. रोज अंडे देणाऱ्या कोंबडीला दिवसाला सुमारे ४ ग्रॅम कॅल्शियम लागते, कारण खाल्लेल्यापैकी निम्म्याच्या आसपासच तिच्या अंगी लागते. यासाठी शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीची बारीक खडी १० ग्रॅम पुरते. परसातील कोंबडी एक दिवसाआड अंडे देत असेल, तर ५ ते ६ ग्रॅम पुरेत. पंचवीस कोंबड्यांच्या गटाला महिन्याला चार-साडेचार किलो चुरा लागेल. तो खाद्यात न मिसळता वेगळ्या पसरट भांड्यात ठेवावा आणि सायंकाळी अवश्य समोर असावा. ज्या कोंबडीला दुसऱ्या दिवशी अंडे द्यावयाचे आहे, ती आपल्या गरजेपुरता चुरा आपणहून वेचते. चुरा पिठासारखा नसावा, ज्वारीच्या कणीएवढा असावा. मोठा कण पोटात सावकाश विरघळतो व रात्रभर पुरतो.

चुनखडी म्हणजे विड्याचा चुना नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. भाजलेला किंवा विरविलेला चुना दाहक असतो. तो कोंबडीला खाऊ घालू नये. रांगोळीची पूडही घालू नये, कारण ती कोणत्या दगडाची आहे याची खात्री नसते. मॅग्नेशियम अधिक असलेल्या दगडाने कोंबड्यांना पातळ हगवण लागते. घरातील अंड्यांची कवचे मात्र उत्तम. ती धुऊन, तव्यावर चांगली भाजून व कुटून घालावीत, म्हणजे कोंबडीला अंडे ओळखून खाण्याची सवय लागत नाही.

तितकेच महत्त्वाचे दुसरे पथ्य असे की, हे खाद्य लहानांसाठी नाही. वाढत्या तलंगांच्या खाद्यात कॅल्शियम १ टक्क्याच्या आसपास असावे लागते. अंड्यावरील कोंबडीच्या खाद्यात ते साडेतीन ते चार टक्के असते. तलंगांना मोठ्यांचे खाद्य आठवड्यांमागून आठवडे घातल्यास त्यांचे मूत्रपिंड बिघडते. अंड्यावर येण्यापूर्वी एक-दोन आठवडे बदल सुरू करावा, त्याआधी नाही. तसेच जे पाळणारे तयार लेअर मॅश पुरेसे घालतात, त्यांनी त्यात आणखी चुना मिसळू नये. अति चुन्याने खाणे कमी होते आणि इतर खनिजे अंगी लागत नाहीत.

कॅल्शियमबरोबर इतर खनिजांचाही विचार हवा. धान्यात फॉस्फरस असतो, परंतु त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग अशा स्वरूपात असतो की तो कोंबडीला पचत नाही. म्हणून घरी भरडा तयार करणाऱ्यांनी त्यात डायकॅल्शियम फॉस्फेट मिसळावे लागते. मीठ खाद्यात पाव ते तीन-दशांश टक्का पुरे. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर त्याहून कमी. मँगॅनीज व जस्त ही केवळ मिलिग्रॅममध्ये लागतात, परंतु त्यांच्यावाचून कवच नीट जमत नाही. पिलांचे गुडघे सुजून पायाची शीर सरकते, या रोगाचे कारण मँगॅनीजची उणीव हे आहे, असे १९३६ च्या सुमारास अमेरिकेत सिद्ध झाले. कोंबडीला मँगॅनीज जनावरांच्या मानाने पुष्कळ अधिक लागते. त्यामुळे गाई-म्हशींचे खनिज मिश्रण कोंबड्यांना घालून काम भागत नाही. आणि ‘ड३’ जीवनसत्त्व नसेल तर दिलेला चुना अंगी लागत नाही. परसातील कोंबडीला ते सूर्य फुकट देतो. बंदिस्त कोंबडीला ते खाद्यातून द्यावे लागते.

आपल्या मराठवाड्याच्या दृष्टीने उन्हाळ्याचा उल्लेख केलाच पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर गेला की कोंबडी धापा टाकते, कारण तिला घाम येत नाही. धापेबरोबर कार्बन डाय-ऑक्साइड वाजवीपेक्षा अधिक बाहेर जातो आणि कवचाला लागणारा कार्बोनेटचा अंश रक्तात कमी पडतो. शिवाय ती कमी खाते, म्हणजे चुनाही कमी जातो. अशा दिवसांत खाद्य पहाटे व सूर्यास्ताच्या सुमारास घालावे, सावली व थंड पाणी दिवसभर ठेवावे आणि चुऱ्याचे भांडे रिकामे राहू देऊ नये.

प्रत्येक पातळ कवचाचे कारण चुनाच असते, असा समज मात्र करून घेऊ नये. मानमोडीसारख्या रोगानंतर कवच बिघडते, आणि कोंबडीचे वय वाढले की ते पातळ होतेच. चुरा दिल्यावर दोन-तीन आठवड्यांत सुधारणा दिसली नाही, किंवा अंडी एकाएकी घटली, तर पशुवैद्यकीय दवाखान्याचा सल्ला घ्यावा. लसीकरणाची जागा खनिजे घेऊ शकत नाहीत.

आता आपल्या प्रत्येकाच्या वाट्याला काय येते ते सांगतो. पंचायत सदस्यांनी तलंगांचा गट देताना त्याच्याबरोबर चुऱ्याची पिशवी व एक भांडे पोचते की नाही, हे पाहावे. शिंपल्यांचा चुरा कोकण किनाऱ्यावरून यावा लागतो आणि चुनखडकाच्या खाणी यवतमाळ-चंद्रपूरकडे आहेत. एकेका भगिनीने दोन-चार किलोंसाठी बाजार धुंडाळण्यापेक्षा बचत गटाने पोत्याने आणून वाटून घेणे सोयीचे. विस्तार अधिकाऱ्यांनी खाद्याच्या पोत्यावरील मजकूर वाचून दाखवावा. भारतीय मानक ब्यूरोचे कुक्कुटखाद्याचे मानक, आयएस १३७४, हे वाढत्या व अंड्यावरील कोंबड्यांसाठी वेगवेगळे प्रमाण सांगते. तो फरक पाळणाऱ्याला समजला पाहिजे. अधिक माहितीसाठी परभणी व उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये दूर नाहीत.

शिक्षकांचे काम सर्वांत सोपे आणि सर्वांत दूरगामी आहे. वर्गात एका पेल्यात लिंबाचा रस घेऊन त्यात कवचाचा तुकडा टाका. बुडबुडे येतील व तुकडा विरघळू लागेल. मुलांना कळेल की, कवच म्हणजे चुनखडी. मग वरचा ज्वारीचा हिशोब फळ्यावर मांडा. ते गणित मूल घरी आईला सांगेल आणि त्याच सायंकाळी भांड्यात चुरा पडेल. शाळेच्या आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय राज्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला होता. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा स्वतंत्र निधी थांबला आणि ते काम शाळा व्यवस्थापन समित्यांच्या लोकसहभागावर सोपविण्यात आले. अशा वेळी गावातच न फुटता हाती येणारे अंडे हे मुलांच्या ताटाच्या दृष्टीने किती मोलाचे आहे, हे आपण जाणताच.

योजनेत आपण कोंबडी देतो, खुराडे देतो, कधी पहिले खाद्यही देतो. परंतु जी कोंबडी एका अंड्यामागे दोन ग्रॅम कॅल्शियम आपल्याला देते, तिला ते परत देण्याची तरतूद आपण विसरतो. मूठभर शिंपल्यांचा चुरा ही ती तरतूद होय. उद्या कोणी आपल्यापाशी सुधारित कोंबडीची तक्रार घेऊन आले, तर जातीविषयी मत देण्यापूर्वी एकच विचारा: खुराड्यात चुऱ्याचे भांडे आहे काय?